वस्तू काढून घेतली तर कथा उरते का? जुन्या वस्तूंच्या दुकानदार डिटेक्टिव्हांविषयी एका मूल्यांकनकाराचे उत्तर

तुमच्या प्रश्नात खरे तर चार प्रश्न गुंतलेले आहेत. गुडघ्याच्या शस्त्रक्रियेनंतर तुमच्या आई दीड-दोन महिने घरीच आहेत. त्यांना रहस्यकथा आवडतात, पण रक्त आणि किंकाळ्या नकोत. फ्रान्समधल्या एका गावात राहणाऱ्या, जुन्या वस्तूंची जाण असलेल्या इंग्रज बाईंची ‘मादाम ब्लाँ मिस्टरीज’ ही मालिका त्यांनी आनंदाने पाहिली, म्हणून तुम्ही त्याच जातकुळीतले ‘गराज सेल मिस्ट्री’ हे अमेरिकी दूरचित्रवाणी चित्रपट लावले, आणि दोन पाहून झाल्यावर दोघांनाही ते एकाच साच्यातून काढल्यासारखे वाटले. उरलेल्यांपैकी कोणते पाहावेत, ते क्रमानेच पाहावे लागतात का, आणि त्यांत या व्यवसायाविषयी जे दाखवतात ते कितपत खरे असते, असे तुम्ही विचारले आहे. जाता जाता, असे काही आपल्याकडे का होत नाही, असेही एक वाक्य तुम्ही टाकले आहे.

मी चित्रपट समीक्षक नाही. गेली एकवीस वर्षे मी जुन्या फर्निचरच्या आणि घरगुती वस्तूंच्या मूल्यांकनाचे काम करते. पहिली सहा वर्षे मुंबईच्या चोर बाजारात, मटन स्ट्रीटवरच्या एका वयस्कर फर्निचरवाल्यांच्या हाताखाली गेली आणि नंतरची सारी अमेरिकेत, उत्तर व्हर्जिनियात. योगायोग असा की ज्या कादंबऱ्यांवरून ‘गराज सेल मिस्ट्री’ची कल्पना घेतली, त्यांच्या लेखिका सूझी वाइनर्ट याच भागातल्या मॅक्लीन गावच्या. शनिवारी पहाटे हातात कॉफी आणि खिशात भिंग घेऊन दुसऱ्यांच्या गराजसमोर, म्हणजे घरमालक जुने सामान मांडून विकतात तिथे, उभे राहणे हा माझा पोटापाण्याचा भाग असल्यामुळे हे चित्रपट मी जरा वेगळ्या नजरेने पाहते. पतीच्या मते ती नजर त्रासदायक आहे, कारण खुनी कोण याऐवजी मी मागच्या कपाटाच्या बिजागऱ्या पाहत असते.

आधी साच्याविषयी. तुमची तक्रार खरी आहे, पण साचा ही या चित्रपटांतली चूक मानता येणार नाही, कारण ते तसेच घडवलेले असतात. अमेरिकेतल्या हॉलमार्क वाहिन्यांसाठी केलेला असा चित्रपट जाहिराती वगळून सुमारे दीड तासाचा असतो आणि तो दोन तासांच्या जागेत बसवायचा असतो. मध्ये जाहिरातींचे बरेच थांबे असतात आणि प्रत्येक थांब्यापूर्वी प्रेक्षक दुसरीकडे जाणार नाही एवढे कुतूहल शिल्लक ठेवावे लागते. त्यामुळे पहिल्या एक-दोन थांब्यांच्या आत मृतदेह सापडतो, मध्यावर एका निरपराध माणसावर संशय पक्का होतो, पोलीस अधिकारी नायिकेला ‘यात पडू नका’ असे सांगतो, घरी नवरा काळजी करतो, मुले जेवणाच्या टेबलावर काहीतरी सहज बोलून जातात आणि त्या बोलण्यातून नायिकेला दुवा मिळतो. कीर्तनाला पूर्वरंग आणि उत्तररंग असणारच हे जसे आपण गृहीत धरतो, तसेच हेही गृहीत धरावे. दोन कीर्तने वेगळी ठरतात ती आख्यानामुळे, आणि इथे आख्यानाची जागा वस्तूची आहे.

म्हणून मी एक साधी कसोटी लावते. चित्रपट संपल्यावर स्वतःला विचारावे, की कथेतली जुनी वस्तू काढून घेतली आणि नायिकेला दुकानदाराऐवजी ग्रंथपाल किंवा बेकरीवाली केले, तर कथा तशीच उभी राहील का? राहत असेल, तर वस्तू केवळ निमित्त आहे. तिच्यामुळे नायिका त्या घरात पोहोचली, एवढेच तिचे काम. राहत नसेल, म्हणजे खुन्यापर्यंत पोहोचण्यासाठी ती वस्तू वाचता येणे आवश्यक असेल, तर ती वस्तू साक्षीदार आहे. ‘मादाम ब्लाँ’ आवडलेल्या माणसाला पहिल्या प्रकारचे चित्रपट सपाट वाटतात, असा माझा अनुभव आहे. अर्थात आईंना त्या मालिकेत गाव, ऊन आणि माणसांची थट्टामस्करीच अधिक आवडली असेल, तर ही कसोटी तुमच्या उपयोगाची नाही. मग पुढचा निम्मा मजकूर सोडून दिलात तरी चालेल.

‘गराज सेल मिस्ट्री’ची बैठक अशी आहे. जेनिफर शॅनन ही बाई मैत्रीण डॅनीबरोबर ‘रॅग्ज टु रिचेस’ नावाचे जुन्या वस्तूंचे दुकान चालवते. जेनिफरची भूमिका लोरी लॉकलिनने केली आहे आणि डॅनीची सारा स्ट्रेंजने. पहिला चित्रपट २०१३ चा. पुढे २०१८ पर्यंत डझनाहून अधिक चित्रपट आले, आणि ते सर्व अमेरिकी गावाचा आव आणत कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबियात चित्रित झाले. तिथली ओलसर हिरवी झाडी एकदा लक्षात आली, की मग ती प्रत्येक चित्रपटात दिसत राहते.

या मालिकेतल्या चित्रपटांना कसोटी लावली तर ते सरळ सरळ वेगळे पडतात. २०१४ च्या ‘ऑल दॅट ग्लिटर्स’मध्ये भाड्याने दिलेल्या साठवणखोल्यांचा लिलाव आहे. भाडे थकले की अमेरिकेत अशा खोलीतला माल लिलावात काढता येतो, आणि बोली लावणाऱ्याला दारातून दिसेल तेवढेच पाहता येते. आत पाऊल टाकून वस्तू चाळता येत नाहीत. ही प्रथा मुळातच रहस्यकथेला सोयीची आहे, कारण विकत घेणाऱ्यालाही आपण काय घेतले ते ठाऊक नसते. चित्रपट करमणूक उत्तम करतो, पण इथे वस्तू बव्हंशी निमित्त आहे.

२०१६ चा ‘द नॉव्हेल मर्डर्स’ याच्या दुसऱ्या टोकाला आहे. त्यात होणारे मृत्यू गाजलेल्या रहस्यकथांतील खुनांसारखे आहेत हे जेनिफरच्या लक्षात येते. कोडे म्हणून हा कदाचित सर्वांत नेटका असेल, आणि आईंनी बाबूराव अर्नाळकरांपासून वाचन केलेले असेल तर त्यांना तो विशेष रुचेल. पण जुन्या वस्तूंचे ज्ञान त्यात गौण आहे. माझ्या कसोटीवर तो नापास होतो आणि तरीही तुम्ही तो पाहावा असे मी म्हणते. कसोटी माझ्या धंद्यातून आलेली आहे. तिला सर्वज्ञ समजू नये.

२०१५ च्या ‘द वेडिंग ड्रेस’पाशी मात्र थांबावेसे वाटते, कारण त्यात जेनिफरच्या हाती लग्नाचा जुना पोशाख लागतो आणि त्यातून एका जुन्या प्रकरणाचा धागा निघतो. कापड हा फार बोलका साक्षीदार असतो. माझ्या टेबलावर असा पोशाख आला तर मी आधी तो उलटा करते, कारण दर्शनी बाजू शिंप्याने ग्राहकासाठी शिवलेली असते आणि आतली बाजू स्वतःच्या सवयीने. पाश्चात्त्य स्त्रियांच्या पोशाखांत झिप सर्रास दिसू लागली ती १९३० च्या दशकापासून. त्याआधी हुक, आकडे आणि कापडाने मढवलेली बटणे. पॉलिएस्टरचा दोरा साधारणपणे १९५० नंतरचा. मग खोली अंधारी करून अतिनील दिव्याखाली कापड पाहायचे. दुसऱ्या महायुद्धानंतर कपडे धुण्याच्या पावडरींत कापड अधिक पांढरे दाखवणारी रसायने आली आणि ती या दिव्याखाली निळसर चमकतात. येथेच नवखा माणूस फसतो: पोशाख चमकला म्हणजे तो नवा, असे तो ठरवून टाकतो. प्रत्यक्षात १९२० चा पोशाखही नातीने एकदा आधुनिक पावडरीत बुचकळला असेल तर चमकतो. म्हणून शिवणीच्या आतला, पाणी पुरेसे न पोहोचलेला दोरा पाहावा लागतो. आणि रक्ताचा डाग त्या दिव्याखाली चमकत नाही, उलट काळा दिसतो. साध्या उजेडात जुना डाग तपकिरी असतो आणि चहा किंवा लोखंडाच्या गंजापासून तो नुसत्या डोळ्यांनी वेगळा काढणे अवघड असते.

यातले सगळे त्या चित्रपटात नाही. तेवढी मागणी करणेही अन्यायाचे आहे. पण एखादा पोशाख कोणी, कधी आणि कोणासाठी शिवला हे शोधत जाणे म्हणजेच त्या बाईपर्यंत पोहोचणे, ही जी आमच्या कामातली रोजची गोष्ट आहे, तिच्याजवळ हा चित्रपट इतरांपेक्षा अधिक जातो. म्हणून तुम्ही पाहिलेल्या दोनांत तो नसेल, तर पुढचा तोच लावा.

त्याच्यानंतर ‘मर्डर मोस्ट मिडीव्हल’, २०१७ चा. यात एका मध्ययुगीन चिलखताच्या आत मृतदेह सापडतो, आणि चित्र डोळ्यांसमोर आणले तर कल्पना मोठी झकास आहे. मृतदेह पाहताना आईंना अस्वस्थ वाटेल अशी भीती नको. या चित्रपटांत मृत्यू हा घटनेपेक्षा बातमीच अधिक असतो. व्यवसायाच्या दृष्टीने मात्र मला दोन ठिकाणी हसू आवरले नाही. पंधराव्या-सोळाव्या शतकातले संपूर्ण अस्सल चिलखत इतके दुर्मीळ असते, की ते बहुतेक संग्रहालयांतच आढळते. अमेरिकी घरांच्या जिन्याखाली जी उभी असतात ती बव्हंशी एकोणिसाव्या किंवा विसाव्या शतकात शोभेसाठी केलेली. दुसरे म्हणजे, चिलखत एका विशिष्ट अंगासाठी बेतलेले असते आणि चामड्याच्या पट्ट्यांनी, मदतनिसाच्या हातांनी, तुकड्यातुकड्याने चढवले जाते. जिवंत, सहकार्य करणाऱ्या माणसाला ते चढवतानाच घाम फुटतो. मृत्यूनंतर काही तासांतच ताठरू लागणाऱ्या देहाला ते चढवणे म्हणजे खुनापेक्षा मोठे कष्टाचे काम झाले. तरीही कथा जमते, कारण ते चिलखत काढून घेतले तर मागे काहीच उरत नाही.

आता तुमचा तिसरा प्रश्न, म्हणजे दाखवतात ते खरे असते का. दुकानाचे वातावरण बऱ्यापैकी खरे आहे. दोन मैत्रिणींपैकी एकीने बाहेर फिरून माल आणायचा आणि दुसरीने गल्ला, ग्राहक आणि हिशेब सांभाळायचा, ही वाटणी मी कित्येक दुकानांत पाहिली आहे, आणि दुसरीचे कष्ट कोणाला दिसत नाहीत हेही तितकेच खरे. कन्साइनमेंट पद्धतीत वस्तू मूळ मालकाचीच राहते. दुकान ती मांडून ठेवते आणि विकली गेल्यावर ठरलेला वाटा कापून घेते. याचा एक परिणाम रहस्यकथेला फार उपयोगी पडतो: दुकानातल्या प्रत्येक वस्तूमागे एक नाव, एक पत्ता आणि एक घर असते. मालकीची ही साखळी लिहून ठेवणे हा आमच्या व्यवसायाचा कणा आहे, आणि चित्रपटातल्या तपासाचाही.

खरे नाही ते हे, की जेनिफरच्या हाती दर आठवड्याला घबाड लागते. माझ्याकडे मूल्यांकनासाठी येणाऱ्या बहुसंख्य ‘पणजीच्या’ वस्तू पणजीच्या नसतात. चिनी मातीच्या बशीवर मागे देशाचे नाव छापलेले असेल, तर ती अमेरिकेत बहुधा १८९१ नंतर आलेली असते, कारण त्या वर्षापासून आयात मालावर उत्पादक देशाचे नाव घालणे कायद्याने आवश्यक झाले. ‘निप्पॉन’ असे लिहिले असेल तर साधारण १९२१ पूर्वीची, कारण त्यानंतर ‘जपान’ लिहिणे आवश्यक झाले. एवढ्या एका ओळीने मी कितीतरी लोकांचे चेहरे पडलेले पाहिले आहेत. चित्रपटात असा पडलेला चेहरा क्वचितच दिसतो, आणि माझ्या मते तीच त्यांची सर्वांत मोठी लबाडी आहे; खून दाखवतात त्याचे मला काही वाटत नाही.

माझाही चेहरा पडलेला आहे. इथे आल्यावर दुसऱ्या वर्षी एका घरातल्या विक्रीत मला मुंबईच्या जुन्या कोरीव शिसवी फर्निचरच्या घाटणीचे लिहिण्याचे टेबल दिसले. गेल्या जन्मीची ओळख असल्यासारखी मी त्याच्याकडे धावले, वरची नक्षी पाहिली, लाकडावरून हात फिरवला आणि सांगितले तेवढे पैसे मोजले. घरी येऊन खण बाहेर काढला तेव्हा आतल्या बाजूला मुठींच्या सध्याच्या भोकांशेजारी जुनी बुजवलेली भोके दिसली, मागच्या फळीला चौफुलीसारखी खाच असलेले स्क्रू दिसले, जे १९३० च्या दशकाच्या मध्यापूर्वी बाजारात नव्हतेच, आणि मग वरचा भाग एका टेबलाचा व खालचा दुसऱ्याच टेबलाचा आहे हे कळायला वेळ लागला नाही. मटन स्ट्रीटवर मला शिकवलेला पहिला धडा ‘आधी पाठ बघ, मग तोंड’ असा होता, आणि गावच्या आठवणीने मी तोच विसरले. ते टेबल अजून माझ्याकडे आहे. हे उत्तर त्याच्यावरच लिहिते आहे.

या व्यवसायातला एक नैतिक प्रश्नही आहे, आणि तिथे हे चित्रपट अंग चोरतात. समोरच्या म्हातारबाबांना आपल्या गराजमधल्या वस्तूची किंमत ठाऊक नाही, मला ठाऊक आहे, आणि ते पाच डॉलर मागत आहेत. अशा वेळी काय करावे? जेनिफर गोड आहे, प्रामाणिक आहे, म्हणून हा प्रश्न तिच्यापुढे टोकदार होऊन उभाच राहत नाही. मी स्वतः मूल्यांकनासाठी बोलावलेल्या घरातून काहीही विकत घेत नाही. खुल्या विक्रीत मात्र मागितलेली किंमत देते आणि वस्तू फारच मोलाची निघाली तर परत जाऊन सांगते. इतर लोक वेगळे वागतात आणि त्यांच्याही बाजूला युक्तिवाद आहे.

ज्या मालिकेने हा प्रश्न सरळ तोंडावर घेतला ती म्हणजे बीबीसीची ‘लव्हजॉय’. ती चित्रपटांची मालिका नव्हे, सुमारे तासाभराच्या भागांची. पहिला हंगाम १९८६ चा आणि मग मोठ्या खंडानंतर १९९१ ते १९९४. इयान मॅकशेनने साकारलेला लव्हजॉय इंग्लंडच्या पूर्व भागात, सफोक-एसेक्सच्या परिसरात जुन्या वस्तू विकत घेत आणि विकत फिरतो. अस्सल वस्तू समोर आली की त्याला आतून कळते, ही त्याची देणगी; आणि खिशात पैसे नसणे ही त्याची कायमची अवस्था. तो थेट कॅमेऱ्याकडे वळून प्रेक्षकांशी बोलतो आणि बनवेगिरी कशी होते हे आपल्याला विश्वासात घेऊन सांगतो.

‘लव्हजॉय’मध्ये जी दुनिया आहे, तिची मला चांगली ओळख आहे. इंग्लंडमध्ये १७८४ ते १८९० या काळात चांदीवर कर भरल्याची खूण म्हणून राजाच्या किंवा राणीच्या मस्तकाचा ठसा मारीत. कर चुकवण्यासाठी काही सोनार लहानशा भांड्यावरचे ठसे कापून मोठ्या भांड्यात झाळून बसवत. अशा भांड्यावर जोराने श्वास सोडला, की वाफेत झाळणीची रेघ क्षणभर उमटते आणि मिटते. हे पहिल्यांदा पाहिले तेव्हा माझ्या अंगावर काटा आला होता. दोनशे वर्षांपूर्वीची चोरी एका फुंकरीने उघडी पडते. अशा प्रकारच्या ज्ञानाचा वास ‘लव्हजॉय’ला आहे, आणि वस्तू हा साक्षीदार हवा असेल तर तिच्यासारखी दुसरी मालिका मी पाहिलेली नाही. पण तुमच्या आईंसाठी ती आत्ता सुचवताना मी कचरते. नायक लफंगा आहे, संवाद भराभर आणि तिरकस इंग्रजीत आहेत, काही भागांत हाणामारी आहे, आणि स्त्रियांकडे पाहण्याची त्याची रीत आज खटकते. गुडघा दुखत असताना ज्या ऊबदार सोबतीची गरज असते, ती इथे मिळेलच असे सांगता येत नाही.

‘मादाम ब्लाँ’ या दोहोंच्या मधली आहे, आणि म्हणूनच आईंना ती आवडली असावी असा माझा कयास आहे. जीन व्हाइटचा नवरा फ्रान्समध्ये मरण पावतो, त्याच्यामागे पैसा उरलेला नाही असे तिला कळते, आणि सेंत व्हिक्तुआर या गावातल्या एका घराच्या आधाराने ती तिथे नव्याने उभी राहते. म्हणजे विश्वासघात आणि वैधव्य ही दुःखाची जमीन आधीच आहे, तिच्यावर हलकेफुलके बांधकाम केले आहे. सॅली लिंडसे त्यात मुख्य भूमिकाही करते आणि स्यू व्हिन्सेंटबरोबर लेखनही करते. भूमिका आणि लेखन एकाच हातात असल्यामुळे नायिकेच्या ज्ञानाला कथेत कायम काम मिळते. पोलीस तिला हाकलत नाहीत, तिचे मत विचारतात. टॅक्सीवाला डॉम आणि जीन यांचे जे चालले आहे ते घाईने उरकले जात नाही. (गाव फ्रेंच दाखवले आहे, पण चित्रण माल्टाच्या गोझो बेटावरचे; आईंना सांगू नका, उगाच रसभंग व्हायचा.) शिवाय ती २०२१ पासूनची असल्यामुळे पुढचे हंगाम आहेत. त्यांनी पहिलाच हंगाम पाहिला असेल, तर खरे सांगायचे तर सर्वांत सोपे उत्तर तेच: आधी तिचे उरलेले भाग संपवा.

हॉलमार्कच्याच इतर मालिकांबद्दल फार लिहीत नाही. ‘ऑरोरा टीगार्डन’ची नायिका ग्रंथपाल आहे आणि माणसांच्या बोलण्यातून कोडे सोडवते, ‘मर्डर, शी बेक्ड’मध्ये बेकरी आहे, ‘एमा फील्डिंग’मधली पुरातत्त्वज्ञ बाई मात्र वस्तू वाचणारी आहे, त्यामुळे ती तुमच्या शोधाच्या जवळची ठरते. तिचे चित्रपट तीनच आहेत, २०१७ ते २०१९ या काळातले, आणि दोन-तीन दुपारींत ते संपतात.

क्रमाचे म्हणाल, तर ‘गराज सेल मिस्ट्री’ कुठूनही पाहता येते. प्रत्येक खुनाचा निकाल त्याच चित्रपटात लागतो. पहिल्या चित्रपटातला नवरा जेसन आणि नंतरचा जेसन वेगवेगळ्या नटांनी केले आहेत, एवढे आईंना आधीच सांगून ठेवा, नाहीतर त्यांचा पहिला संशय त्याच्यावर जाईल. माझ्या घरी सासूबाईंचे नेमके तसे झाले होते. आणखी एक गोष्ट अशी, की मालिकेला शेवट नाही. मार्च २०१९ मध्ये अमेरिकेतल्या महाविद्यालयीन प्रवेश घोटाळ्यात लोरी लॉकलिनवर आरोप झाले आणि हॉलमार्कने तिच्याबरोबरचे काम थांबवले. पुढे तिने गुन्हा कबूल करून शिक्षाही भोगली. त्यामुळे दुकानाचे, मुलांचे, डॅनीचे पुढे काय झाले हे कळत नाही. पडद्यावर खोट्या वस्तू ओळखणारी बाई खऱ्या आयुष्यात बनावट अर्जांच्या प्रकरणात सापडली याची काहींना गंमत वाटते, काहींना त्यानंतर तिला पाहवत नाही. आई कोणत्या गटातल्या, ते तुम्हीच जाणता.

राहता राहिला आपल्याकडचा प्रश्न. साहित्य भरपूर आहे. पुण्याच्या जुन्या बाजारात रविवारी एक फेरी मारली किंवा राजा केळकर संग्रहालयात अडकित्त्यांच्या आणि दिव्यांच्या कपाटांपुढे तासभर उभे राहिले, तरी दहा कथा सुचतील. पण जेनिफरची नक्कल इथे चालणार नाही, कारण आपल्याकडे घरासमोर सामान मांडून विकण्याची रीत नाही; घर रिकामे झाले की भांडी बोहारणीकडे किंवा मोडीत जातात आणि कागद रद्दीत. शिवाय १९७२ चा पुरावशेष तथा बहुमूल्य कलाकृती अधिनियम आहे. शंभर वर्षांहून जुन्या बहुतेक वस्तू आणि पंचाहत्तर वर्षांहून जुनी महत्त्वाची हस्तलिखिते त्याच्या कक्षेत येतात, विक्रेत्याला परवाना लागतो, खासगी माणसाला त्या परदेशी पाठवता येत नाहीत, आणि मूर्तींसारख्या ठरावीक वस्तूंची छायाचित्रांसह नोंदणी करावी लागते.

लेखकाला ही अडचण वाटते. मला ती सुरुवात वाटते. कोकणातल्या एखाद्या वाड्यात देव्हाऱ्यातली पितळी मूर्ती आहे, तिचे नोंदणी प्रमाणपत्र आजोबांच्या ट्रंकेत आहे, आणि प्रमाणपत्रावरच्या १९७० च्या दशकातल्या कृष्णधवल छायाचित्रातल्या मूर्तीचा डावा हात समोरच्या मूर्तीपेक्षा किंचित वर आहे. मूल्यांकनासाठी आलेल्या बाईंना ते दिसते, आणि त्या चहाचा कप खाली ठेवून विचारतात, की ही मूर्ती उजळायला शेवटची कधी आणि कोणाकडे दिली होती?